लोणकढे मिस्त्री आणि डावं चाक

पुढं जे येणार आहे ते कुणाला पटणार नाही. पटूही नये. ज्याला पटेल त्यानं आपल्या डोक्याचे आटे एकदा कुणाकडून तरी तपासून घ्यावेत, झिजलेले निघतील. पण झालं ते असंच झालं, लख्ख उन्हात झालं, आणि तिथं चार माणसं हजर होती. आता त्या चौघांतला जो ही गोष्ट सांगायला पुढं येतो तो नेमका लोणकढे मिस्त्री निघावा, याला नशीब म्हणतात.

लोणकढे हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव त्याला होतं, पण ते सांगायच्या आधी त्याच्या बायकोलासुद्धा जरा वर बघावं लागायचं. लोणकढी थाप मारणारा म्हणून लोणकढे. पाटी रंगवणाऱ्यानं गॅरेजच्या पाटीवरही तेच रंगवलं आणि मिस्त्रीनं ते पुसलं नाही, उलट त्याला दोन कप चहा पाजला. या माणसानं म्हणे एकदा इतकं अस्सल ग्रीस बनवलं होतं की त्याच्या डब्यात पडलेली पाल पुढच्या उन्हाळ्यात बाहेर काढली, तर ती शेपूट हलवून चालती झाली. एकदा म्हणे ब्रेक गेलेला ट्रक त्यानं बायकोच्या अंबाड्यातल्या आकड्यानं थांबवला. बायको शेजारीच उभी असायची आणि म्हणायची, "आकडा माझाच होता. ट्रक कुणाचा होता ते विचारा."

गॅरेज होतं घाटमाथ्यावर. गॅरेजच्या पुढं रस्ता एक वळण घ्यायचा आणि मग तळ गाठेपर्यंत खालीच जायचा. त्यामुळं उतरणारी प्रत्येक गाडी इथं घटकाभर थांबायची. ब्रेक बघ, टायर बघ, पाणी बघ. वर येणाऱ्या गाड्या मात्र थांबत नसत. वर आलेल्या माणसाला कशाची भीती उरलेली नसते.

त्या दुपारी मिस्त्रीचा सख्खा धाकटा भाऊ आपला ट्रक घेऊन आला. हा ट्रक म्हणजे एक म्हातारीच होती. सगळे तिला म्हातारीच म्हणायचे. जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून धाकट्यानं ती घेतली तेव्हा तिचा आधीचा मालक कोण, त्याच्या आधीचा कोण, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून सांगायचं नव्हतं. अंगाला निळा रंग होता, दोन-तीन हातांचा, जाड. मागं सिमेंटचे पाइप भरले होते, एवढे मोठे की आत माणूस वाकून उभा राहील. पुढच्या स्प्रिंगांचे पाटे त्या वजनानं सरळ झाले होते.

धाकटा उतरला तो दार उघडं टाकूनच.

"दादा, एक निप्पल मोडलंय. डावीकडचं, वरचं. बदल आणि सोड मला."

"चहा?"

"चहा खाली."

"खाली तुला चहा कोण पाजणार, क्रेनवाला?"

"तोच पाजेल की. उद्या सकाळी क्रेन लागणार आहे, एकच दिवस. पाइप आज खाली पोचले नाहीत तर क्रेन रिकामी परत जाईल आणि पुढचं काम मला कुणी देणार नाही. अंधाराच्या आत उतरायचंय."

"उजवीकडची निप्पलं?"

"धड आहेत. तिथं मीच मारतो ग्रीस, दर खेपेला. डावीकडंच बंदूक लागत नव्हती. बघितलं तर मुंडीच गायब."

आता निप्पल म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे. करंगळीच्या पेराएवढी एक बोंडी, तोंडाशी बारीक छर्रा. ग्रीसची बंदूक लावून दाबली की छर्रा आत सरतो, ग्रीस आत शिरतं. बंदूक काढली की छर्रा आपलं दार लावून घेतो. पण पुढचं चाक ज्या जाड खिळ्यावर डावी-उजवीकडे वळतं, त्या किंगपिनला ग्रीस पोचायची वाट ती तेवढीच. ट्रकचा सगळा भार त्या खिळ्याच्या अंगावर असतो, आणि खिळ्याचं सगळं पोट त्या बोंडीवर.

मिस्त्री चाकाशी उकिडवा बसला. बोटानं चाचपून बघितलं. मुंडी तुटली होती आणि बुडखा आत आट्यांत घट्ट बसून राहिला होता. त्यानं रॉकेल सोडलं, हलक्या हातानं हातोडीनं टिचकावलं, पुन्हा रॉकेल सोडलं.

"काल रात्री दाढदुखीनं झोपलो नाही," तो बुडख्याला म्हणाला. "आज तू त्रास देऊ नकोस."

बुडख्यानं ऐकलं नाही. मिस्त्रीणबाईंनी न मागता रंग जाळायची बत्ती पेटवून हातात दिली. या बाईंना पान्ह्याचा नंबर वाचावा लागत नसे, नुसतं हाताला लागलं की कळायचं. मिस्त्रीनं बुडख्याभोवतीचा रंग जाळला, कानशीनं खरवडला. निळ्याच्या खाली करडा निघाला, करड्याच्या खाली पिवळा. भडक पिवळा, अंड्याच्या बलकासारखा.

"पिवळी होती की काय ही?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"तरुणपणी सगळ्याच पिवळ्या असतात," मिस्त्री म्हणाला.

मग त्यानं मोडक्या कानशीचं चौकोनी शेपूट बुडख्याच्या भोकात ठोकून बसवलं, त्याला पान्हा लावला आणि श्वास धरून फिरवला. आधी काही नाही. मग एकदम असा आवाज आला की गॅरेजच्या सावलीत पडलेलं कुत्रं उठलं, ट्रककडं बघत मागं मागं सरकलं आणि रस्त्याच्या पलीकडं उन्हात जाऊन बसलं. लोखंड लोखंडावर ओरडतं तेव्हा मिस्त्री लोकांना त्याचं काही वाटत नाही. पण याही मिस्त्रीच्या अंगावर काटा आला, आणि तो लपवायला त्यानं नाक शिंकरलं.

बुडखा निघाला. त्याच्या मागं जुनं काळं ग्रीस ओघळायला पाहिजे होतं. ओघळलं नाही. भोकातून पडली ती तांबडी भुकटी, विटेच्या चुऱ्यासारखी. मिस्त्रीनं तार घालून टोकरलं. आणखी भुकटी. कोरडी ठणठणीत.

या भोकातून आत कुणी काही घातल्याला जमाना झाला होता. निप्पल आज तुटलं असेल, पण बंद ते कधीच पडलं होतं.

"झालं का?" धाकटा ओरडला. तो पाइपांचे दोर आवळत होता.

"होतंय."

मिस्त्रीनं भोकात नवे आटे पाडले, नवं निप्पल हातानं बसवलं, मग पान्ह्यानं आवळलं. जॅक लावून चाक जमिनीपासून उचललं, खाली टेकूला घोडी दिली, म्हणजे खिळ्यावरचा भार हटतो आणि ग्रीसला सगळीकडं फिरायला जागा होते. बंदूक लावली. दाबली. बंदुकीचा दांडा दगडासारखा. पुन्हा दाबली. आत काहीच जाईना. तिसऱ्यांदा सगळं वजन टाकलं तशी आत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि दांडा सैल पडला. ग्रीस जाऊ लागलं. जातंय जातंय, जातच राहिलं. तहानलेल्या जनावरानं हौदात तोंड घालावं तसं ती म्हातारी पीत होती, आणि बंदुकीच्या नळीतून मिस्त्रीच्या तळहाताला ते गुटुगुटु जाणवत होतं. (ही थाप नव्हे. ज्यानं ग्रीस मारलंय त्याला विचारा.)

मग खालच्या बाजूनं बाहेर यायला लागलं. आधी तांबडं, मग काळं. आणि काळ्याच्या मागं जे आलं ते बघून मिस्त्रीचा हात थांबला. ग्रीस चकाकत होतं. उन्हात धरल्यावर माशाच्या खवल्यांसारखं चमचम करत होतं. ते लोखंड होतं. आतलं बुश, म्हणजे खिळ्याभोवतीची नळी, झिजून संपलं होतं आणि आता खिळा खिळ्यालाच खात होता.

आणि इथं मिस्त्रीनं ती चूक केली.

त्याच्या गॅरेजचा एक रिवाज होता. ग्रीस मारल्यावर बाहेर आलेला थेंबही गाडीवर ठेवायचा नाही. लोक म्हणायचे, थापाड्या आहे पण काम पुसून देतो. सगळं आयुष्य ज्या हातानं पुसलं तो हात डोक्याची वाट बघत नाही. मिस्त्रीचं डोकं खिळ्याचा विचार करत होतं, आणि हातानं तोवर चिंधीनं सगळी चकाकी टिपली, चाक लख्ख केलं आणि चिंधी मागं टाकली. मागं मिस्त्रीणबाईंनी ती उचलली आणि चहाच्या चुलीत घातली, कारण ग्रीसची चिंधी छान पेट घेते. हाही त्या घरचा रिवाजच.

मिस्त्रीला भान आलं तेव्हा चुलीतून काळा धूर येत होता.

तो उठला, चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरलं आणि गदागदा हलवलं. आतली झीज असेल तर अशा वेळी खट् खट् आवाज येतो, आंधळ्यालाही कळतो. आवाज आला नाही. येणार कसा? नव्या घट्ट ग्रीसनं सगळी पोकळी भरून टाकली होती. त्यानं स्वतःच्या हातानं त्या आजाराला गादी घातली होती. हे ग्रीस चार वळणांत दाबून बाहेर पडेल, हे त्याला माहीत होतं. त्याच्यानंतर काय होईल तेही माहीत होतं. आधी हलवून बघायचं, मग ग्रीस मारायचं, हे तर पोरासोरांनाही कळतं. पण मोडकं निप्पल बदलायला आलेल्या गाडीचं आधी निप्पलच बदलतात.

"भाऊ," मिस्त्री म्हणाला. "ही आज उतरणार नाही."

धाकट्यानं दोराची गाठ मारली आणि हसला. "का? पाल निघाली का ग्रीसमधून?"

"बुश गेलंय. पिन खाल्ली गेलीय. लोखंड येत होतं बाहेर."

"दाखव."

मिस्त्रीनं चाकाकडं बघितलं. चाक आरशासारखं होतं. त्यानं चुलीकडं बघितलं.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "लोखंड कुठंय?"

"मला काय माहीत भाऊजी. मी तर चिंधी जाळली. चहाला चव आलीय का बघा लोखंडाची."

धाकट्यानं स्वतः येऊन चाक हलवलं. खालून हलवलं, वरून हलवलं, लाथ घातली. मग घोडी काढून जॅक उतरवला, केबिनमध्ये चढून स्टेअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवलं. लोण्यात सुरी फिरावी तसं फिरलं. मग तो डावीकडच्या दाराच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"दादा, कित्येक महिन्यांत ही अशी वळली नव्हती! आणि तू म्हणतोस मोडणार?"

"म्हणूनच म्हणतोय."

"म्हणजे अडकत होती तेव्हा बरी होती, आता सुटली तर वाईट?"

"हो!"

"वा."

"आईची शपथ."

"आईची शपथ तू पालीच्या वेळी पण घेतली होतीस."

हे खरं होतं. मिस्त्रीनं आईची, बायकोची, डोळ्यांची, हातांची, एका मेलेल्या गुरूची आणि एकदा तर समोरच्या गिऱ्हाइकाच्याच मुलांची शपथ आधीच घेतली होती. आता जी गोष्ट खरी होती तिच्यासाठी एकही कोरी शपथ शिल्लक नव्हती. त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि घडीभर तिच्या कपाळाला आठी पडली. मग तीही म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना त्यांना. मागं त्या बॅटरीत तुम्हाला मासा सापडला होता, तेव्हाही असंच तोंड केलं होतं तुम्ही."

एवढ्यात एक पाहुणा येऊन उभा राहिला. वयस्कर, अंगानं वाळका, खांद्याला कापडी पिशवी. बस वाटेत बंद पडली होती म्हणे, आणि त्याला खाली जायचं होतं.

"ही गाडी उतरतीय का?" त्यानं विचारलं.

"उतरतीय," धाकटा म्हणाला.

"नाही उतरत," मिस्त्री म्हणाला.

"बसा पाहुणे," धाकटा म्हणाला. "आमचे बंधू आहेत. गोष्टी छान सांगतात. ही संपली की निघू."

पाहुणा उलट्या डब्यावर बसला. मिस्त्रीणबाईंनी त्याला चहा दिला. तो चहा पिताना पेल्याकडं बघत नव्हता.

मिस्त्रीनं हात पुसले. खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं. मग त्यानं आपला नेहमीचा माल काढायचं ठरवलं. थापेनं आजवर त्याला मान दिला होता, चहा दिला होता, एकदा बायकोही दिली होती. आज एका भावाला अडवून ठेवण्याएवढी ताकद तिच्यात नसेल?

तो गॅरेजच्या पायरीवर बसला. आवाज खाली आणला. थाप मारताना आवाज चढवायचा नसतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, उपजतच येत होतं.

"ठीक आहे. लोखंड नाही दिसलं तुला. हा पिवळा रंग दिसतोय?"

"दिसतोय. मग?"

"तुला म्हटलं नव्हतं कधी. म्हणायचंही नव्हतं. घेतलीस तेव्हाच मी हिला ओळखली होती."

"म्हणजे?"

"ही पिवळी होती तेव्हा याच रस्त्यानं उतरायची. लाद्या भरून. ड्रायव्हर तुझ्याच वयाचा, आणि तुझ्यासारखाच घाईचा. बरोबर त्याचा मेव्हणा. डावीकडचं वरचं निप्पल तुटलं होतं. हेच."

"हेच?"

"हेच. ड्रायव्हर मेव्हण्याला म्हणाला, बदल आणि ग्रीस मार. मेव्हण्याला यायचा आळस. त्यानं भोकात लाकडाची खुंटी ठोकली आणि वरून ग्रीस चोपडून दिलं. दिसायला झकास. ड्रायव्हर म्हणाला, झालं? मेव्हणा म्हणाला, झालं."

"बायकोचा भाऊ ना," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

वारा पडला होता. घाटातून एरवी वर येणारा गाड्यांचा घरघराट त्या वेळी येत नव्हता. ऊन पाइपांच्या तोंडात शिरून आत काळं होत होतं. मिस्त्रीनं हे सगळं बघून घेतलं. थापाड्याला हवामान फुकट मिळतं, ते वाया घालवायचं नसतं.

"पहिली वळणं बरी गेली," तो म्हणाला. "ड्रायव्हर शीळ घालत होता. मग खालून आवाज सुरू झाला. खट्. पुन्हा वळण, पुन्हा खट्. दार ठोठावल्यासारखा. ड्रायव्हर म्हणाला, काय वाजतंय? मेव्हणा म्हणाला, लाद्या असतील. तो काय बोलणार? त्याला माहीत होतं ना कोण ठोठावतंय ते."

"दादा…"

"फुटकी टाकी आहे बघ, त्या वळणाला. तिथं ड्रायव्हरनं स्टेअरिंग वळवलं. आणि ते वळलं. लोण्यासारखं. तुझं आत्ता वळलं ना, तसं. हातात बांगडी फिरावी तसं गोल गोल फिरायला लागलं, आणि खाली चाक त्याला विचारेनाच. खिळा तुटला होता. चाक आडवं पडलं, ट्रकनं नाक घासलं, आणि ही तुझी म्हातारी कठड्याला पाठ दाखवून गेली खाली. लाद्या आधी गेल्या, पत्त्यांसारख्या. मग ही."

धाकट्यानं किल्ली काढून मुठीत धरली होती. कधी काढली ते त्यालाही कळलं नसावं. तो चाकाकडं बघत होता. मिस्त्रीणबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. त्यांनी या माणसाच्या आयुष्यभर थापा ऐकल्या होत्या, पण अशी एकही नाही. त्याच्या थापांत सगळे जगायचे, पालसुद्धा.

"माणसं?" धाकट्यानं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"ड्रायव्हर दाराबाहेर फेकला गेला, झुडपात अडकला. वाचला. मेव्हणा नाही वाचला." मिस्त्रीनं रंगाकडं बोट केलं. "त्यानंतर हिला दोरांनी वर ओढली, ठोकून सरळ केली, करडी रंगवली, विकली. मग निळी रंगवली, विकली. पण त्या भोकात पुन्हा कुणी ग्रीस घातलं नाही. घालवलंच नाही कुणाच्यानं. आज मी घातलं. भाऊ, ती प्यायली रे. बंद पडत नव्हती प्यायची."

हे शेवटचं खरं होतं, आणि म्हणूनच बहुतेक त्याचा आवाज फाटला.

धाकटा केबिनच्या पायरीवरून उतरला. किल्ली मुठीतच होती. आता त्यानं ती फक्त भावाच्या हातावर ठेवायची बाकी होती. मिस्त्रीनं हात पुढं केलाही. पाइप भिजणार नव्हते, क्रेन गेली तर गेली. सकाळी पिन काढून समोर ठेवली की धाकटा बघेल आणि पुन्हा कधी विचारणार नाही. इथं मिस्त्रीनं तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण थाप लागू पडतेय हे दिसल्यावर थापाड्याच्यानं गप्प बसवत नाही. त्याला शेवटचा एक घास जास्त वाढायचा असतोच.

"आणि सकाळी लोक खाली उतरून गेले," तो म्हणाला, "तेव्हा ही उताणी पडली होती. रात्र सगळी गेली होती मध्ये. आणि हे डावं चाक, हेच, आभाळाकडं तोंड करून अजून फिरत होतं. हळूहळू. कर्र… कर्र…"

"खोटं," पाहुणा म्हणाला.

पहिल्यांदाच बोलला तो. पेला त्यानं जमिनीवर ठेवला.

सगळे त्याच्याकडं वळले. मग धाकट्याच्या छातीतून हसू फुटलं, इतक्या जोरात की त्याचं त्यालाच बरं वाटलं. "बघ! बघ दादा! आत्ता आलेल्या पाहुण्यानंसुद्धा पकडलं तुला. रात्रभर फिरत होतं म्हणे! अरे, मी तर किल्ली देत होतो तुला. वहिनी, तुमचा नवरा एक दिवस मला रडवणार." त्यानं किल्ली परत बोटात फिरवली आणि पायरीवर पाय ठेवला. "चला पाहुणे, वर बसा."

मिस्त्रीचा हात तसाच पुढं राहिला होता. आपण वाढलेल्या एका घासानं सगळं ताट उलटलं, हे त्याला कळलं. आता त्याच्याकडं खरंही नव्हतं आणि खोटंही नव्हतं.

पाहुणा उठला नाही. तो मिस्त्रीकडं बघत नव्हता आणि धाकट्याकडंही नाही. तो बघत होता ट्रकच्या पलीकडच्या अंगाला, जिकडं सबंध दुपारभर कुणी वाकून बघितलं नव्हतं.

"लाद्या होत्या," तो म्हणाला. "टाकीचंच वळण. मेव्हणाही गेला. तुम्हाला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही, मिस्त्री."

मिस्त्रीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. हे त्यानं आत्ता, या पायरीवर बसून, डोक्यातून काढलं होतं.

"पण डावं चाक म्हणालात ते साफ खोटं," पाहुणा म्हणाला. "स्टेअरिंगवर मी होतो. सुटलं ते उजवं."